प्रिंटर परत 'ऑफलाइन'!

अरे, प्रिंटर बिघडलेला नसतो! त्याच्या सेटिंगमध्ये १९२.१६८.१.२० हा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता हाताने ठोकायचा आणि राउटरचा डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणारी सोय, मात्र शेवटचा आकडा २ ते २५४ अशी सताड उघडी ठेवायची. मग राउटर तोच पत्ता एखाद्या दिवशी पाहुण्यांच्या मोबाइलला देऊन मोकळा होतो. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं, पान छापून येणार कुठून? आणि बोल लावायचा बिचाऱ्या कार्ट्रिजला.

डीएचसीपीची हद्द १०० ते १९९ करा, हाताने दिलेले पत्ते तिच्याबाहेर ठेवा. त्याहून बरं म्हणजे प्रिंटर 'ऑटो'वरच राहू द्या आणि राउटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'खाली (म्हणजे पत्ता राखून ठेवायच्या यादीत) त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, नोंदवा. वायफायचा मॅक वेगळा, केबलचा वेगळा, तेवढं तरी बघा! मग प्रिंटर बंद-चालू करा, नाहीतर तो जुन्याच पत्त्यावर ठाण मांडून बसतो.

मोबाइलला हेच करायचं तर आणखी ताप. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन बनावट मॅक दाखवतात, तो बदलला की नोंद वाया. घरच्या वायफायपुरतं ते बंद करा.

आणि राउटर फॅक्टरी रीसेट केलात की सगळ्या नोंदी साफ. राउटरमधल्या त्या नोंदींच्या पानाचा स्क्रीनशॉट मात्र कोणीही काढून ठेवलेला नसतो.