गिग इकॉनॉमी? ती आमच्या विषयात नाही!

गिग इकॉनॉमी म्हणजे पक्की नोकरी नाही, काम केलं तेवढेच पैसे. हा विषय काढला तर उत्तर काय? 'ते अर्थशास्त्रवाल्यांना विचारा!' स्टाफरूममध्ये हे ऐकलं आणि डोकंच फिरलं. बोलणारे सर स्वतः तासावर शिकवतात. सुट्टी लागली की पैसे बंद. मग तुम्ही कोण, सर? जहागीरदार?

आणि विद्यार्थी! मागच्या बाकावरचा रात्री दोनपर्यंत पार्सलं पोचवून वर्गात पेंगतो. अपघात झाला तर खर्च कोण देणार, विचारलं तर म्हणतो, 'ॲप बघेल ना!' हो, बघेल की. आयडी बंद करून बघेल! २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना 'कामगार' ठरवलं, किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क मानला. आमच्या वर्गात अजून ॲपने 'पार्टनर' म्हटल्यावरच छाती फुगते. कसली डोंबलाची पार्टनरशिप? गाडी ह्याची, पेट्रोल ह्याचं, पाठदुखीही ह्याचीच!