ओमाहाच्या अंगणातली निळी टिकली

२०२४ च्या सप्टेंबरात सासूबाई सांगलीहून आमच्याकडे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला आल्या होत्या. संध्याकाळी फिरायला निघालो की दर चार घरांआड अंगणात एक पांढरा बोर्ड दिसायचा. ना नाव, ना पक्ष, नुसता मधोमध निळा गोळा. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, हे लोक दारात एवढी मोठी टिकली कशाला लावतात?"

आता काय सांगणार! रस्त्यातच नागरिकशास्त्राचा तास घ्यावा लागला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत बहुतेक राज्यांत जो उमेदवार एका मताने का होईना पुढे, त्याला राज्याची सगळी इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी त्या राज्याच्या वाट्याची मतं. फक्त मेन आणि आमचं नेब्रास्का वेगळं. आमची मतं ५. दोन अख्ख्या राज्याची, उरलेली तीन मतदारसंघागणिक एकेक. अख्खं राज्य १९६४ नंतर कधी डेमोक्रॅट उमेदवारामागे गेलेलं नाही, पण ओमाहाचा दुसरा मतदारसंघ २००८ मध्ये ओबामांकडे गेला आणि २०२० मध्ये बायडनकडे (पुढे २०२४ च्या नोव्हेंबरात हॅरिसकडेही). लाल रंग रिपब्लिकनांचा, निळा डेमोक्रॅटांचा. लाल नकाशात एक निळा ठिपका. म्हणून ती टिकली.

हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या इथल्या मराठी ग्रुपवरचं एक ठरलेलं वाक्य. "नेब्रास्का काय, लालच. मत दिलं काय, न दिलं काय!" (हे ठासून सांगणाऱ्यांतले निम्मे अजून एच-वन-बी व्हिसावर आहेत, त्यांना मतच नाही, तो भाग वेगळा.) आणि त्यावर चिडून उत्तर देणारे लिहितात, "ओमाहा निळं आहे!" मला विचाराल तर दोघंही चूक.

आमच्या शेजारीण बाई निवृत्त नर्स आहेत. त्यांच्या अंगणात निळा ठिपका होता आणि त्याला खेटून डॉन बेकनचा बोर्ड. बेकन या मतदारसंघाचे रिपब्लिकन खासदार, हवाई दलातले निवृत्त ब्रिगेडियर जनरल, इथल्याच ऑफट तळावर अधिकारी होते. मला वाटलं, नवरा-बायकोचं पटत नसेल. विचारलं तर बाई म्हणाल्या, दोन्ही माझेच. ट्रम्प नको, पण डॉनने काय वाईट केलंय?

अशी माणसं इथे अपवाद नाहीत, त्यांच्यावरच निकाल ठरतो. २०२० मध्ये बायडन इथे सहा-साडेसहा टक्क्यांनी जिंकले आणि त्याच मतपत्रिकेवर बेकन साडेचार टक्क्यांनी. २०२१ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या, सार्पी काउंटीचा काही भाग बाहेर गेला आणि सॉन्डर्स ही ग्रामीण काउंटी आत आली. तरी २०२४ मध्ये पुन्हा तेच, वर हॅरिस आणि खाली बेकन. अशा माणसांना काय रंग देणार?

गावातल्या गावातही रंग एक नाही. मिसुरी नदीपासून डॉज स्ट्रीटने पश्चिमेला निघा. आडव्या रस्त्यांचे नंबर वाढत जातात, आणि राजकारणही बदलत जातं. नॉर्थ ओमाहा कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती, माल्कम एक्सचा जन्म इथला, तिथे डेमोक्रॅट. साउथ ओमाहात कत्तलखान्यांच्या कामासाठी आधी चेक आणि पोलिश आले, आता मेक्सिकन. बहात्तराव्या रस्त्यापलीकडे मोठी घरं, तीन-तीन गाड्यांची गॅरेजं, आणि बरेच आपले लोक. खरी ओढाताण तिथे. नदी ओलांडून आयोवात कौन्सिल ब्लफ्सला गेलात तर तीच माणसं, तेच मॉल, पण ट्रम्पचा जोर.

त्या सप्टेंबरात आमच्या एका मतावर वॉशिंग्टनचा डोळा होता. हॅरिसनी हक्काच्या राज्यांबरोबर मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया जिंकलं असतं, तर आमचं मत धरून बरोबर २७०, म्हणजे जिंकायला लागतात तेवढी. ते काढून घेतलं की २६९-२६९. म्हणून रिपब्लिकनांनी नियमच बदलायचा, राज्याची पाचही मतं एकालाच द्यायची, असा घाट घातला. नेब्रास्काच्या ४९ जणांच्या विधिमंडळात विरोधकांची भाषणं लांबवून केलेली अडवणूक मोडायला ३३ मतं लागत होती. त्यातले एक सदस्य माइक मॅकडॉनेल, पूर्वी अग्निशामक दलात असलेले, काही महिन्यांपूर्वीच डेमोक्रॅट सोडून रिपब्लिकन झालेले. ते नाही म्हणाले आणि बेत फसला. २०२५ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हाही ३३ जमले नाहीत. हा नियम गेला, तर आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही, हे शेजारीण बाईंनाही कळतं आणि माझ्या ट्रम्पवाल्या सहकाऱ्यालाही.

मे २०२५ ची महापौर निवडणूक तर मला फार आवडली. तीन वेळा निवडून आलेल्या जीन स्टॉथर्ट यांच्या प्रचारात ट्रान्सजेंडर आणि स्वच्छतागृहांचा विषय आला. डेमोक्रॅट म्हणाले, त्या संडासांचं बोलतायत, आमचा माणूस खड्ड्यांचं बोलतोय. जॉन युइंग जिंकले, ओमाहाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. खड्ड्यांवर निवडणूक हे ऐकून सासूबाई फोनवर किती हसल्या म्हणून सांगू! "म्हणजे आपल्यासारखंच की!"

आता बेकन २०२६ ला उभे राहणार नाहीत. परवा शेजारीण बाई गॅरेज आवरत होत्या. निळा ठिपका त्यांनी पुसून भिंतीला टेकवून ठेवला. बेकनचा बोर्ड हातात धरून जरा वेळ उभ्या राहिल्या, मग मला म्हणाल्या, "ह्याची मागची बाजू कोरी आहे. मुलांना चित्रं काढायला हवाय का?"