शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूशच आहे असं नाही हो!

दर वेळी तेच. पाहुणा आला की आमचा कुत्रा अंग लाकडासारखं ताठ करून उभा, तोंड घट्ट मिटलेलं, शेपटी वर आणि नुसतं टोक थरथरतंय, आणि पाहुणा म्हणतो "अरे बघ किती खूश झालाय" आणि थेट डोक्यावर हात! कुत्रा मान फिरवतो, ओठ चाटतो, जांभई देतो, म्हणजे "नको" म्हणतोय, अजून काय करायचं त्यानं, अर्ज लिहून द्यायचा का?

शेवटी गुरगुरला की घरचेच ओरडतात. अरे गुरगुरणं म्हणजे "जरा लांब हो" एवढंच सांगतोय ना तो! तेही बंद केलंत तर उद्या न सांगता चावेल, मग "अचानक चावला" म्हणत फिरा.

आणि ते "बघ कसा गिल्टी चेहरा केलाय" तर डोक्यातच जातं. 2009 मध्ये कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झनी प्रयोग करून दाखवलंय, तो चेहरा मालकाच्या ओरडण्यामुळे होतो, कुत्र्यानं काही केलेलं असो वा नसो. हे सांगितलं की उत्तर ठरलेलं, "आम्हाला कळतं हो कुत्र्यांचं". काल हेच म्हणताना काकांचा हात परत त्याच्या डोक्यावर.