स्टॅन लीवरची डॉक्युमेंटरी आणि जॅक कर्बी

मार्व्हल कॉमिक्सचा लेखक-संपादक स्टॅन ली, त्याच्यावरची २०२३ ला आलेली डॉक्युमेंटरी काल रात्री बघितली, सगळी गोष्ट त्याच्याच आवाजात आहे आणि त्याचं लहानपण, ऑफिस वगैरे छोट्या छोट्या मॉडेल्समधून दाखवलंय ते फार आवडलं. पण खरं सांगू का, त्याच्यासोबत कॉमिक्स काढणाऱ्या चित्रकार जॅक कर्बीचं वाईट वाटलं. मार्व्हलची पद्धत अशी होती की ली थोडक्यात कथा सांगणार, चित्रकार पानंच्या पानं रचून आणणार आणि मग ली फुग्यांमध्ये संवाद भरणार, मग सांगा गोष्ट कोणाची? फॅन्टास्टिक फोर या कॉमिकच्या १९६६ च्या एका अंकाची पानं आली तर त्यात फळीवर उभा राहून उडणारा एक चंदेरी माणूस, स्टॅन लीला त्याची कल्पनाच नव्हती, तो कर्बीने स्वतःहून घातलेला! तोच सिल्व्हर सर्फर. स्पायडरमॅन काढणाऱ्या चित्रकार स्टीव्ह डिटकोचं पण तेच, कथेचं श्रेय मिळायला त्याला १९६५ उजाडावं लागलं. लीचे संवाद भारीच होते, स्पायडरमॅनला घरच्या अडचणी देणं ही साधी गोष्ट नाही, मी त्याचा फॅन आहेच. तरी आता कर्बीवर पण अशीच पूर्ण लांबीची फिल्म यायला पाहिजे, मनापासून वाटतं.