१८ तास म्हणे! कुठल्या मोडमध्ये, ते बोला की

लॅपटॉपच्या खोक्यावर छापलंय, बॅटरी १८ तास. माझ्या त्याच लॅपटॉपने काल पावणेपाच तासांत मान टाकली. करत काय होतो? एक्सेल, ब्राउझरचे वीसेक टॅब, तासाभराची व्हिडिओ मीटिंग. गेम नाही, एडिटिंग नाही.

साधा भागाकार करा. बॅटरी ५६ वॉट-तासांची. १८ तास टिकायची तर सगळ्या यंत्राने मिळून ३.१ वॉटवर भागवायचं. अहो, तेवढं नुसती स्क्रीनच गिळते! मग मुंगीच्या अक्षरातली तळटीप सापडली: वायफाय बंद, ब्राइटनेस १५० निट्स (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप; १५० म्हणजे मंदच), डिस्कवरचा एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा. व्हिडिओ उलगडायला वेगळं सर्किट असतं, म्हणजे प्रोसेसर साहेब जवळपास झोपलेले. आणि १५० निट्सवर खिडकीशेजारी बसून एक्सेलचे आकडे वाचून दाखवा मला.

कंपनीचं सोडा, ती विकायलाच बसलीय. डोकं फिरतं ते रिव्ह्यूवाल्यांमुळे. स्पीड मोजताना चार्जर लावलेला, विंडोजचा पॉवर मोड (वेग हवा की बॅटरी, ते ठरवणारी सेटिंग) 'बेस्ट परफॉर्मन्स', सिनेबेंचचा, म्हणजे प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा टेचात. बॅटरीची पाळी आली की गुपचूप 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी'. आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मांडीला मांडी लावून! टॉप स्पीड एक्स्प्रेसवेवर मोजायचा आणि मायलेज खंडाळ्याच्या उतारावर न्यूट्रलमध्ये, त्यातली गत.

शेवटी मीच तीन रविवार घातले. तेच काम, तोच ब्राइटनेस, चार्जर काढलेला, १०० वरून २० टक्क्यांपर्यंत. एफिशियन्सीत पाच तास मिळाले, पण मोठ्या शीटला फिल्टर लावला की गोल गोल चक्र बघत बसा. बॅलन्स्डमध्ये पावणेचार. परफॉर्मन्समध्ये दोन तास चाळीस मिनिटं, आणि पंखा असा की आईने आतून विचारलं, मिक्सर कोणी लावलाय. त्यात आमचं नागपूर, मे महिना. सिनेबेंच दहा मिनिटं सलग चालवलं तर पहिल्या फेरीचा आकडा शेवटपर्यंत टिकतच नाही, उष्णतेने प्रोसेसर स्वतःच हात आखडता घेतो. एसीत बसून एकच फेरी मारणाऱ्यांना हे दिसणार कुठून?

मागणी एवढीच आहे हो: मोड सांगा, आणि त्याच मोडमधला स्पीड नि त्याच मोडमधली बॅटरी द्या. एका नावाजलेल्या रिव्ह्यूवाल्याला नम्रपणे विचारलं, "दादा, बॅटरी कुठल्या मोडमध्ये मोजली?"

उत्तर आलं, "युसेजवर डिपेंड करतं, ब्रो." वर बदामाचा इमोजी.