विकलेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

आमच्या अण्णांनी त्यांची गाडी १९९२ साली विकली. विकली तेव्हा ती लिटरला अकरा द्यायची. २००४ साली माझ्या लग्नात, व्याह्यांना सांगताना, ती चौदा देत होती. नातवंडं झाली तेव्हा सोळा. आणि गेल्या दिवाळीत चकलीचा तुकडा मोडता मोडता अण्णा म्हणाले, "आमची जुनी गाडी? डोळे मिटून अठरा." तिचा पत्रा एव्हाना कुठल्या तरी शटरमध्ये नाहीतर कोठीत जाऊन बसला असेल, पण अ‍ॅव्हरेज अजून वाढतंच आहे. विकल्यावर इतकी सुधारलेली गाडी मी दुसरी पाहिली नाही.

कंपनीचं नाव सांगत नाही. घरातल्या गेलेल्या माणसाची उणीदुणी नाव घेऊन काढू नयेत, ही आईची शिकवण.

मुळात तो अकराचा आकडा तरी कुठून आला, हाच प्रश्न आहे. गाडीचा किलोमीटरचा आकडा मी तिसरीत असताना थांबला तो थांबलाच. पेट्रोलचा काटा चढावर 'फुल्ल' दाखवायचा आणि उतारावर 'एम्प्टी'. त्यामुळे अण्णा अंतर मोजायचे रस्त्याकडेच्या दगडांवरून आणि पेट्रोल मोजायचे गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून, टाकीतला डचमळण्याचा आवाज ऐकून. डॉक्टरांनी पाठीवर टिचक्या मारून छाती तपासावी तसं. "चार लिटर आहे," असं सांगायचे. आम्ही विश्वास ठेवायचो. गाडी ठेवायची नाही.

तेव्हा आम्ही कराडला राहायचो आणि दर मे महिन्यात पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणजवळच्या आमच्या गावी जायचो. या प्रवासात घरातल्या प्रत्येकाला खातं नेमून दिलेलं होतं. आईकडे पाण्याचा कॅन आणि जुन्या लुगड्याचं ओलं फडकं. मोठ्या बहिणीकडे मागचं दार, कारण ते वळणावर आपलं आपण उघडायचं. आणि माझ्याकडे दगड. साधासुधा नाही, अण्णांनी कोयनेच्या काठावरून निवडून आणलेला, एका बाजूनं चपटा. परतताना चढावर गाडी थांबली की मी चालत्या नाही पण चालू पाहणाऱ्या गाडीतून उडी मारायची आणि दगड मागच्या चाकाखाली सारायचा. हँडब्रेक होता, पण तो मुख्यतः पिशव्या अडकवायला. मित्र सुट्टीत कॅरम खेळायचे, माझं बालपण दगड मांडीवर घेऊन गेलं.

फडक्याचं शास्त्र मला पुढे कळलं. पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून बसवलेला. मे महिन्यात, चढावर, इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलचीच वाफ व्हायची आणि पंप ती वाफ ओढत बसायचा. पेट्रोल पुढे जायचं नाही. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि पंधरा मिनिटं करवंदं खायची. मेकॅनिक मात्र काहीही झालं तरी एकच निदान करायचा : "करंट येत नाही." करंट येत असेल तर "पेट्रोल येत नाही." दोन्ही येत असेल तर तो चहाला जायचा.

थंडीत गाडी सुरू करणं हा वेगळा संस्कार होता. चोक ओढायचा, म्हणजे इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त. कमी ओढला तर गाडी खोकायची, जास्त ओढला तर पेट्रोल प्लगवर चढून ओव्हरफ्लो व्हायची, आणि मग गल्लीतल्या सगळ्यांनी धक्का. कार्बोरेटर म्हणजे आमच्या आजीसारखा होता. सगळा अंदाज हाताचा. कधी अमृत, कधी खारट, आणि माप विचारलं की राग. आताच्या गाडीतलं इंजेक्शन थेंब मोजून वाढतं, वर धुराच्या नळीत एक सेन्सर बसलेला असतो, तो बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते बघून पुढच्या घासाचं माप ठरवतो. म्हणजे पाहुण्याच्या ढेकरेवरून आमटीत मीठ घालण्यासारखं. हे मी अण्णांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच आताच्या गाड्यांना चव नाही."

अण्णांच्या मते चव चार सिलिंडरांत असते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीला चार होते, १०८९ सीसी. १९८३ साली मारुती ८०० आली ती तीन सिलिंडर आणि ७९६ सीसी घेऊन. तेव्हापासून अण्णा म्हणत आलेत की ही रिक्षाची थोरली बहीण आहे, टिकायची नाही. ती ३० वर्षं टिकली. पुढे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून निवृत्त झाली, त्या दिवशी अण्णांनी पेपरातला फोटो कापून ठेवला आणि दुपारी नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त झोपले. आमच्याकडे सुतक याहून कडक पाळत नाहीत.

अशा माणसाच्या घरात मी तीन सिलिंडरांची छोटी नवी गाडी आणली. तिचंही नाव सांगत नाही, ती तर अजून हयात आहे.

कागदावर तिचं अ‍ॅव्हरेज चोवीसच्या वर. खाली बारीक अक्षरात : एआरएआय. ही गाड्या तपासणारी संस्था आमच्या कोथरूडच्या टेकडीवर आहे आणि अण्णा रोज सकाळी त्याच टेकडीवर फिरायला जातात, त्यामुळे त्यांना हा आकडा भाऊबंदकीतला वाटतो. "काय करतात रे तिथे?" मी सांगितलं, गाडी रोलरवर उभी करतात, ती जागच्या जागी पळते, वीसेक मिनिटं, ठरवून दिलेल्या वेगानं. एसी बंद.

"खड्डे?"

"नाही."

"सिग्नल?"

"मधूनमधून थांबवतात. पण आडवा येणारा कुणी नाही."

"म्हणजे व्यायामशाळेतल्या सायकलवर बसून पंढरीची वारी," अण्णा म्हणाले, आणि मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी थांबली. मी न्यूट्रल टाकला, क्लच सोडला आणि पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन आपलं आपण बंद झालं. क्लच दाबला की पुन्हा सुरू होतं. हे मी अण्णांना सांगायचं विसरलो होतो. आयुष्यभर बंद पडणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसाच्या कानाला ती शांतता कशी ऐकू आली असेल! मी सिग्नलचे आकडे बघत होतो, तेवढ्यात डावीकडचं दार उघडून अण्णा, वय वर्षं ७८, मागे पोहोचलेसुद्धा. आरशात दिसलं ते असं : अण्णांनी खांदा लावलाय आणि दोन स्कूटरवाले त्यांना सामील झालेत. पुण्यात पत्ता कुणी नीट सांगणार नाही, पण धक्का मारायला न सांगता येतात. हिरवा लागला, मी घाबरून क्लच दाबला, इंजिन सुरू झालं. मागून विजयाची आरोळी आली. "लागली! लागली!" स्कूटरवाल्यांचे आभार मानून अण्णा आत बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "नवी गाडी, आठवड्यात धक्का. आमची पहिली तीन वर्षं लागला नव्हता." खरं काय ते समजावायला मला म्हात्रे पुलापर्यंत वेळ मिळाला. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

तिची दुसरी खोड म्हणजे बोलणं. जुनी गाडी गप्प राहून बंद पडायची, ही चालता चालता टोकते. जुलै २०१९ पासून नवीन गाड्यांना सरकारनंच हे टोकणं सक्तीचं केलंय. पट्टा नाही, टिंग. ऐंशीच्या वर गेलात, टिंग. एकदा मार्केट यार्डातून आणलेला फणस मी शेजारच्या सीटवर ठेवला. गाडीनं त्याला माणूस मानून कोथरूडपर्यंत ठणाणा केला. शेवटी गाडी कडेला घेऊन मी फणसाला पट्टा बांधला. चौकातल्या पोलिसानं वाकून पाहिलं आणि जायला सांगितलं.

तर, या मे महिन्यात ठरलं की सोक्षमोक्ष लावायचा. पुण्यात टाकी फुल्ल, चिपळुणात टाकी फुल्ल, मधलं अंतर भागिले लिटर. टँक टू टँक. पंपावर पोरगा म्हणाला, "झिरो बघा," आणि अण्णा झिरो नाही, पोराकडे बघत राहिले. नळी 'कट' झाल्यावर ते गाडी हलवू लागले. "हवा निघू दे. अजून अर्धा लिटर बसेल." आता टाकीतली हवा पुण्यात निघाली तर चिपळुणातही काढावी लागणार, हे गणित मी सोडून दिलं.

पंपावर 'ई२०'ची पाटी होती. मी सांगितलं की यात वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ताकद, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं कमी येणार. त्यातलं काही इथेनॉल उसाचं. अण्णा विचारात पडले. उंब्रजला मामांच्या उसाशेजारून जाताना म्हणाले, "म्हणजे तुझ्या मामाच्या उसाला आधी वजनकाट्यावर मारायचं, मग उरलेला आपणच लिटरमागे शंभर रुपये देऊन परत घ्यायचा. ही गाडी आहे की गुऱ्हाळ?"

घाट उतरायला लागलो आणि खरं भांडण तिथे झालं. अण्णा उतारावर न्यूट्रलवाले. त्यांच्या तरुणपणी तर ते सरळ किल्लीच बंद करायचे. मागच्या सीटवर आईची रामरक्षा तिसऱ्या श्लोकावर असताना घाट संपायचा. मी सांगितलं, नव्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्शन पेट्रोल तोडूनच टाकतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थेंब थेंब जळत राहतो. शिवाय ब्रेकवर सगळा भार. पुरावा म्हणून मी समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज : ९९.९.

अण्णा थक्क झाले. घाट संपेपर्यंत त्यांनी दरीकडे बघितलं नाही, सह्याद्रीकडे बघितलं नाही, करवंदाच्या जाळ्यांकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघत राहिले. मी जरा पाय ठेवला की "अरे, अरे, अठरावर आली!" असं कळवळायचे.

चिपळुणात पंपावर हिशोब केला. २३६ किलोमीटर, १३.९ लिटर. अण्णांनी पावतीच्या पाठीवर भागाकार केला, पुन्हा केला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा केला. १६.९८.

मला वाटलं, आता वर्षभर ऐकायचं. पण ते काहीच बोलले नाहीत. पावती घडी करून खिशात ठेवली.

संध्याकाळी गावच्या घराच्या पडवीत त्यांच्या कराडच्या मित्राचा फोन आला. तिकडे कानाला कमी, म्हणून इकडे आवाज मोठा. "पोचलो! मुलाच्या गाडीनं! अरे, काय गाडी आहे! पेट्रोल मोजून टाकते, ढेकर बघून! ... हो. चोवीस!"

"अण्णा, सतरा," मी म्हणालो.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "घरातल्या गोष्टी बाहेर सांगतात का?" मग हात काढून, "हो हो, एसी लावून. ... आपली जुनी? तिची गोष्टच न्यारी. ती..." इथे ते माझ्याकडे बघून क्षणभर थांबले, "एकोणीस द्यायची. आणि एकदाही कुणाला खाली उतरावं लागलं नाही रे. एकदाही नाही."

वारा सुटला होता, पडवीचं दार आपटत होतं. आई आतून आली, अण्णांकडे एकदा बघितलं, आणि कोपऱ्यातला तो एका बाजूनं चपटा कोयनेचा दगड पायानं सरकवून दाराला लावून गेली.