थॉरिनला माती कोणी दिली?

रविवारी रात्री साडेदहाला भाच्याने विचारलं, "मामा, थॉरिनला माती कधी देणार?" पडद्यावर नावं सरकायला लागली होती. मी म्हटलं, "संपला पिक्चर." तर म्हणाला, "असा कसा संपला?"

अकरा वर्षांचं पोर आहे. दिवाळीच्या सुट्टीत टॉल्किनच्या 'हॉबिट' कादंबरीची माझी जुनी प्रत त्याने अडखळत का होईना, पण शेवटच्या पानापर्यंत वाचली. थॉरिन म्हणजे त्यातला बुटक्या ड्वार्फांचा राजा, शेवटच्या लढाईत मरतो. बक्षीस म्हणून ताईच्या घरी, इंदिरानगरला, शुक्रवार-शनिवार-रविवार असे त्यावरच्या सिनेमाचे तिन्ही भाग लावले. पहिल्या रात्री पठ्ठ्या जागचा हलला नाही. तिसऱ्या रात्री मध्येच उठून पाणी प्यायला गेला, परत आला आणि म्हणाला, "अजून मारामारीच चालू आहे?" तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. खरं सांगायचं तर डिसेंबर २०१४ पासूनच फिरलेलं आहे, त्याने फक्त राख फुंकली.

२०१२, २०१३, २०१४. सलग तीन डिसेंबर आम्ही चौघे मित्र सातपूरहून दोन गाड्यांवर थिएटरला गेलो. नाशिकची डिसेंबरची थंडी, रात्रीचा शो, कानटोपी घालूनही कान बधिर. दुसऱ्या भागाच्या शेवटी स्मॉग नावाचा ड्रॅगन डोंगरातून बाहेर पडतो, सरोवरावरच्या गावाकडे झेपावतो आणि अंधार होतो. वर्षभर आम्ही त्या ड्रॅगनवर बोललो. कॉलेज रोडला चहा पिताना, कंपनीच्या बसमध्ये, कुठेही. एक वर्ष! आणि तिसरा भाग सुरू झाला तर सिनेमाचं नाव पडद्यावर यायच्या आत स्मॉग मेलेला. पॉपकॉर्न घेऊन येणारे लोक अजून अंधारात खुर्ची शोधत होते. हा दुसऱ्या भागाचा शेवट होता. तिथून उचलून तिसऱ्याच्या तोंडाशी चिकटवला, कारण आम्हाला पुन्हा तिकीट काढायला लावायचं होतं. याला मी फसवणूकच म्हणतो.

हिशेब बघा ना. १९३७ सालचं, तीनेकशे पानांचं, मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक. आधी ठरले होते दोन सिनेमे. जुलै २०१२ मध्ये, पहिला भाग पाच महिन्यांवर आलेला असताना, जाहीर झालं की आता तीन होणार. १६९, १६१ आणि १४४ मिनिटं. म्हणजे जवळपास आठ तास. वाटीभर ताकात हंडाभर पाणी ओतलं की कढी कितीही उकळा, चव कुठून येणार? पुस्तकातली पाच सैन्यांची लढाई काही पानांत उरकते. गोष्टीचा नायक बिल्बो, त्याच्या डोक्यात दगड बसतो, तो बेशुद्ध पडतो आणि पुढचं त्याला नंतर कळतं. टॉल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात खंदकात राहून आलेला माणूस. लढाईवर किती बोलायचं आणि मेलेल्यांपाशी किती थांबायचं, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. सिनेमात लढाई पाऊण तास चालते आणि मेलेल्यांसाठी वेळ उरत नाही.

आता ज्याने माझा जीव खरा जळतो ते सांगतो. फिली आणि किली हे थॉरिनचे भाचे. सख्ख्या बहिणीची पोरं. पुस्तकात ते कसे मरतात? जखमी थॉरिनच्या आडवे उभे राहून, ढाल आणि अंग पुढे करून. आणि टॉल्किन कारण एकाच ओळीत देतो: थॉरिन त्यांच्या आईचा थोरला भाऊ होता. बस. इंग्रजीत लिहिलेली ती ओळ मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मामा म्हणजे काय ते आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. कान टोचताना मांडीवर घेणारा मामा, लग्नात अंतरपाटापर्यंत आणणारा मामा. त्या मामासाठी दोन भाचे जीव देतात. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा हा भाचा जन्मालाही आला नव्हता, तरी घशात आवंढा आला होता.

सिनेमात काय केलं? फिलीला राक्षसी ऑर्कांचा सरदार अझोग पकडतो आणि उंचावरून मारून खाली टाकतो. पुस्तकाच्या कथेत हा अझोग कधीच मेलेला आहे, त्याला केवळ खलनायक हवा म्हणून जिवंत ठेवलाय. आणि किली मरतो टॉरिएल नावाच्या एल्फ बाईला वाचवताना. टॉरिएल पुस्तकात नाहीच! एल्फ राजपुत्र लेगोलास या पुस्तकात नाही! पुस्तकात नसलेल्या बाईच्या प्रेमासाठी किलीचं मरण वापरलं आणि मामा-भाच्याचं नातं सरळ कापून फेकलं. भाचा माझ्या शेजारी बसून हे बघत होता. "मामासाठी नाही मेले?" एवढंच म्हणाला. काय उत्तर देऊ मी?

आणि माती. पुस्तकात थॉरिनला डोंगराच्या पोटात खोल पुरतात. ज्या आर्कनस्टोनपायी त्याची मती फिरली, तो हिरा स्मॉगला मारणारा बार्ड त्याच्या छातीवर ठेवतो. एल्फांचा राजा थॉरिनची तलवार थडग्यावर ठेवतो आणि शत्रू जवळ आला की ती अंधारात चमकते. वैर संपलं, हे सांगणारा हाच तो क्षण! थिएटरमध्ये दाखवलेल्या सिनेमात यातलं काहीही नाही. हिऱ्याचं काय झालं, नाही. डोंगराचा राजा कोण झाला, नाही. बेऑर्न, ज्याने पुस्तकात जखमी थॉरिनला लढाईतून उचलून बाहेर नेलं, तो काही सेकंद दिसतो आणि गायब. पण सरोवरावरच्या गावातल्या त्या लबाड अल्फ्रिडने बायकी कपड्यांत सोन्याची नाणी कोंबून पळायचे विनोद करायला भरपूर वेळ आहे. लेगोलासला कोसळत्या दगडांवरून पायऱ्या चढल्यासारखं धावायला वेळ आहे. पुढच्या वर्षी वीस मिनिटं वाढवलेली आवृत्ती आली, त्यात अंत्यविधी आहे. म्हणजे मयतही वेगळी विकली! ज्याने थिएटरात पैसे मोजले त्याला मेलेल्याचं तोंडही बघायला मिळू नये?

मित्र म्हणतो, "अरे, तिसरा भाग नेहमी असाच असतो, एवढं काय." खोटं आहे हे. 'हॉबिट'च्याच दिग्दर्शकाने, पीटर जॅक्सनने, २००३ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा भाग, 'द रिटर्न ऑफ द किंग', केला. तीन तास वीस मिनिटं. अकरा ऑस्करसाठी नामांकन होतं, अकराच्या अकरा मिळाली. त्याच्यामागे हजार पानांवरची कादंबरी होती आणि निरोप घ्यायला वेळ ठेवला होता. ज्याला जमतं हे आपण बघितलंय, त्याने असं केलं की राग दुप्पट येतो.

आजीच्या गावाला, दिंडोरीकडे, सप्ताह असतो. सहा दिवस कोणी येवो न येवो, काल्याच्या कीर्तनाला आख्खं गाव बसतं. हंडी फुटते, लाह्या-दह्याचा काला म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत प्रत्येकाच्या तळहातावर पडतो. कोणाला रिकाम्या हाताने उठू देत नाहीत. आम्हाला तीन वर्षं बसवलं आणि हात रिकामे ठेवून उठवलं.

सगळंच वाईट असतं तर मी विसरलो असतो. पण बिल्बो खिशातून ओकचं बी काढून थॉरिनला दाखवतो, घरी नेऊन लावणार म्हणतो, आणि थॉरिनच्या चेहऱ्यावर क्षणभर जुना माणूस दिसतो. लढाई संपल्यावर जादूगार गँडाल्फ बिल्बोशेजारी बसून चिलीम साफ करत राहतो, दोघं एक शब्द बोलत नाहीत. हे ज्यांना सुचलं त्यांना सगळं कळत होतं! बिल्बो झालेला मार्टिन फ्रीमन नुसत्या ओठांच्या हालचालीने रडवतो. आणि त्याच्याच गोष्टीत त्याला कोपऱ्यात उभं केलं.

त्यात आमच्या थिएटरवाल्याने कहर केला. बिल्बो घरी परततो, थॉरिन कोण होता असं त्याला विचारतात आणि तो माझा मित्र होता असं सांगतो. नेमकं तेव्हाच बाहेरचं दार सताड उघडलं आणि दिवे लावले. लोक उभे राहिले. मला बिल्बोचा चेहरा दिसला नाही, पुढच्या माणसाचं जॅकेट दिसलं. घरी जाताना चौघांपैकी कोणी बोललं नाही.

रविवारी भाचा झोपायला तयार होईना. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती, ताई दोनदा ओरडून गेली. शेवटी पुस्तक काढलं, थॉरिनला पुरतात ते पान उघडलं आणि एकेक वाक्य वाचून मराठीत सांगितलं. त्या एका ओळीशी आलो तेव्हा तो म्हणाला, "हे परत वाच." मी परत वाचलं.